जुन्या टू-स्ट्रोकवरचा खटला

सेकंडहँड फायबर होडी घ्यायला निघालेल्या माणसाला मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर हल्ली एक सल्ला फुकट मिळतो: "मागे जुनं टू-स्ट्रोक असेल तर बघायलाही जाऊ नकोस." हा सल्ला देणारे तीन प्रकारचे असतात. पहिला मशिनं विकणारा. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. दुसरा गणपतीला मुंबईहून आलेला पाव्हणा, ज्यानं मोबाइलवर परदेशातल्या कुणाचे तरी व्हिडिओ बघितलेले असतात. तिसरा कार्यशाळेत माइक धरून बोलणारा शिकलेला माणूस. तो पर्यावरणाचं नाव घेतो आणि समोरच्यांची तोंडं बंद होतात. माझा वाद या तिसऱ्याशी आहे. त्याचं निम्मं बोलणं खरं असतं, त्यामुळे उरलेलं निम्मंही त्याच भावात खपून जातं.

आधी त्याचं खरं निम्मं. टू-स्ट्रोक मशिनाला फोर-स्ट्रोकसारख्या झडपा नसतात. पेट्रोल-ऑइलची वाफ आधी क्रँककेसमध्ये येते, तिथून सिलिंडरमध्ये शिरते, आणि त्याच वेळी जळालेला धूर बाहेर पडण्याची वाट उघडी असते. ताज्या मिश्रणातला काही भाग न जळताच धुराबरोबर निसटतो. जुन्या कार्बुरेटरच्या मशिनात हे प्रमाण पाव हिश्श्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातं. म्हणजे चार लिटर पेट्रोल भरलं तर त्यातलं लिटरभर खाडीला वाहिलं असं धरून चाला. होडीमागे अडकवायच्या या मशिनाचा, म्हणजे आउटबोर्डचा, धूर पाण्याखालीच सुटतो, त्यामुळे तो तवंग डोळ्यांना दिसतोही. हे मी नाकारत नाही. "पर्ससीन जाळीवाले आणि एलईडी दिवेवाले समुद्राची काय वाट लावतात ते बघा आधी" हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आहे. तेही मी देणार नाही. दुसऱ्याचं पाप मोठं म्हणून आपलं पेट्रोल गोड होत नाही.

पण मग वक्ता पुढचं वाक्य टाकतो: "अहो, साऱ्या जगानं बंदी घातली आहे यांच्यावर!" इथे त्याला थांबवायला हवं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९९६ साली आउटबोर्डसाठी नियम काढले. ते १९९८ पासून टप्प्याटप्प्यानं २००६ पर्यंत लागू झाले, आणि लागू झाले ते नव्यानं बनणाऱ्या मशिनांना. कंपनीच्या एकूण उत्पादनाचा धूर अमुक इतका खाली आणा, असं त्यांचं स्वरूप होतं. कुणाच्या अंगणातलं जुनं मशीन उचलून नेलं नाही. युरोपातही २००३ च्या निर्देशानुसार २००७ पासून नव्या टू-स्ट्रोकला धुराची मर्यादा आली. सरसकट वापरबंदी झाली ती काही ठिकाणी, आणि तिथेही कारण नेमकं होतं. अमेरिकेतल्या लेक टाहो या तळ्यात १९९९ पासून कार्बुरेटरची टू-स्ट्रोक बंद केली, कारण ते गोड्या पाण्याचं तळं आहे, तिथलं पाणी लोक पितात, आणि पेट्रोलमधली रसायनं त्यात सापडू लागली होती. राहिला प्रश्न टू-स्ट्रोक या जातीचा. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी इव्हिनरूडची टू-स्ट्रोक मशिनं त्याच अमेरिकेच्या नियमांत बसत होती आणि २०२० पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. यामाहाची साधी एन्ड्युरो मालिका आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिकेतल्या मच्छीमारांसाठी बनत राहिली. तेव्हा "साऱ्या जगानं" हे शब्द जरा जपून. श्रीमंत देशांनी नव्या विक्रीला लगाम घातला आणि काही ठिकाणी वापर बंद केला, एवढंच त्यातलं खरं.

याहून मोठी लबाडी तुलनेत आहे. व्याख्यानात एका बाजूला वीस वर्षं खाऱ्या पाण्यात झिजलेलं टू-स्ट्रोक असतं आणि दुसऱ्या बाजूला खोक्यातून आत्ता काढलेलं फोर-स्ट्रोक. अशी तुलना केली तर कोण जिंकणार हे सांगायला कार्यशाळा कशाला हवी? ज्याच्या गाठीला जुन्या होडीपुरते पैसे आहेत त्याच्यासमोर ही निवड कधी येतच नाही. त्याला त्याच पैशात मिळतं ते जुनं फोर-स्ट्रोक, आधीच्या मालकानं ऑइल कधी बदललं ते देव जाणे असं. फोर-स्ट्रोकच्या पोटात ऑइल साठतं, ते साधारण दर शंभर तासांनी बदलावं लागतं. त्याला झडपा आहेत, कॅमशाफ्ट आहे, बऱ्याच मशिनांना टायमिंग बेल्ट आहे. यातली हेळसांड बाहेरून दिसत नाही. टू-स्ट्रोकला ताजं ऑइल दर वेळी पेट्रोलबरोबर मिळतं. मालक कितीही आळशी असला तरी ऑइल मिसळल्याशिवाय त्याला चालवता येत नाही, आणि नाही मिसळलं तर मशीन त्याच दिवशी जाम होऊन चुगली करतं. जुनं विरुद्ध जुनं अशी तुलना लावली की पारडं कुठल्या कुठे जातं.

आता किनाऱ्याचा प्रश्न. वक्त्याच्या डोळ्यांपुढे असते ती जेट्टीला बांधलेली बोट. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीच्या पुष्कळ गावांत होडी वाळूवर ओढतात. तळाशील, निवती, असे किती तरी किनारे, जिथे लाटेतून होडी काढायची, चार माणसांनी ओढून वर घ्यायची, मशीन सोडवून खांद्यावर टाकायचं आणि घरी न्यायचं. ते चोरीला जाऊ नये म्हणून, आणि रात्री दवात राहू नये म्हणूनही. हे रोजचं काम. फोर-स्ट्रोक आडवं टाकायचं तर ठरलेल्या कुशीवरच टाकावं लागतं, नाहीतर पोटातलं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. शिवाय वजन. चाळीस हॉर्सपॉवरच्या मशिनात दोहोंत वीसेक किलोंचा फरक पडतो. लहान मशिनात तो कमी असतो, पण पहाटे चारला ओल्या वाळूत दोन-चार किलोही कळतात. आणि लाटेत होडी उलटली, मशीन बुडालं, तर? टू-स्ट्रोक ताबडतोब बाहेर काढून गोड्या पाण्यानं धुवायचं, प्लग काढून पाणी उपसायचं, ऑइल सोडून दोरी ओढत राहायचं. गावचा मिस्त्री ते दुपारपर्यंत चालू करून देतो. फोर-स्ट्रोकच्या ऑइलच्या टाकीत खारं पाणी गेलं की काम कितीतरी किचकट होतं.

"पण पेट्रोल किती पितं बघा ना!" हो, बघू. हा मुद्दा खरा आहे, पण कागदावर कुणी मांडत नाही म्हणून मांडतो. धरा की ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक पूर्ण वेगात त्याच ताकदीच्या फोर-स्ट्रोकपेक्षा तासाला लिटरभर जास्त पितं. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आहे. त्यात टू-स्ट्रोकचं ऑइल वेगळं. पन्नासास एक मिसळलं तरी तासाला नव्वद-शंभर मिली जातं. सगळं मिळून तासाला दीडशे रुपये जादा धरू. आणि नव्या फोर-स्ट्रोकच्या व जुन्या टू-स्ट्रोकच्या किमतीतला फरक दीड लाख धरू. तुमचा आकडा वेगळा असेल, तो घाला. आता ज्याची वावरी जाळी किनाऱ्यापासून हाकेवर लागते, जो संध्याकाळी जाळं टाकून येतो आणि पहाटे उचलतो, त्याचं मशीन वर्षाला शंभर तास चालतं. जून-जुलैची बंदी आणि वादळवाऱ्याचे दिवस वजा केले तर त्याहून कमीच. त्याला जादा खर्च वर्षाला पंधरा हजार. दीड लाख वसूल व्हायला दहा वर्षं, तीही व्याज न धरता. व्याज धरलं तर त्याहून कितीतरी जास्त. उलट जो सुरमईच्या मागे रोज दूर जातो, वर्षाला पाचशे तास चालवतो, त्याला वर्षाला पंचाहत्तर हजार जादा. त्याचं नवं मशीन दोन वर्षांत फिटतं. अशा माणसानं जुनं टू-स्ट्रोक घेणं हा निव्वळ वेडेपणा आहे आणि त्याला मी तसंच सांगतो. माझी तक्रार एवढीच की दोघांना एकच सल्ला देतात, आणि तो दुसऱ्याच्या मापाचा.

पर्यावरणाचंही तसंच आहे. न जळलेलं पेट्रोल तासांच्या हिशेबानंच पाण्यात जातं. शंभर तासवाल्याला कर्जात ढकलून पाचशे तासवाल्याला मोकळं सोडलं तर खाडी काही स्वच्छ होत नाही. अनुदान द्यायचंच तर जास्त तास चालणाऱ्यांची मशिनं आधी बदला. भाषणात हे कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही.

गंमत म्हणजे जुन्या टू-स्ट्रोकविरुद्धचा आजचा सगळ्यात भक्कम पुरावा या वकिलांच्या हातातच नाही. तो पंपावर आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता देशभर तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि समुद्रावर हवेत पाण्याला तोटा नाही. टाकीत पेट्रोल बरेच दिवस पडून राहिलं आणि त्यात पुरेसं पाणी मुरलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, पेट्रोल वर राहतं. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलबरोबर वरच्या थरात राहतं. नळी मात्र तळातून ओढते. मशिनात जे जातं त्यात ऑइलचा टिपूस नसतो. पिस्टन सिलिंडरला धरायला मग किती वेळ लागतो? शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, मशीन तापतं. वीस-तीस वर्षांपूर्वीची रबरी नळी, हातपंपाचा फुगा, कार्बुरेटरचे गॅस्केट हे सगळं फुगतं, नाहीतर चिरतं. जुन्या फायबरच्या टाकीची राळ सुटून तिचा गाळ होतो. जुनं मशीन घेणाऱ्यानं नळ्या, फुगा आणि गॅस्केटचा संच त्याच दिवशी बदलायचा खर्च किमतीत धरलाच पाहिजे. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावायचा. मिसळायचं ते उद्या लागेल तेवढंच. आणि मोटारसायकलचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं म्हणून टाकायचं नाही. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्यानं गार राहतं, त्याला राख न सोडणारं टीसी-डब्ल्यू-थ्री लागतं. दुचाकीचं ऑइल हवेनं गार होणाऱ्या मशिनासाठी केलेलं असतं. हे न पाळणाऱ्याची होडी भर समुद्रात बंद पडली तर दोष टू-स्ट्रोकला लावतात.

सुट्या भागांबद्दल फार लिहीत नाही. यामाहाचं आठ हॉर्सपॉवरचं आणि सुझुकीचं ९.९ ही मशिनं किनाऱ्यावर इतकी आहेत की त्यांचे रिंग, प्लग, इम्पेलर मिळतात आणि बांधणारे हातही आहेत. कुणी परदेशातून आलेलं जुनं जॉन्सन किंवा अनोळखी चिनी मशीन दाखवलं तर सरळ नको म्हणा. रॉकेलवर चालणाऱ्या मशिनाची गोष्ट निराळी. ते पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर न्यायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं असतं. एकेकाळी त्यानं गरिबाची चूल पेटवली. पण रेशनच्या रॉकेलवरचं अनुदान केंद्रानं टप्प्याटप्प्यानं संपवलं आणि त्या मशिनाचं गणितच मोडलं. "रॉकेलवर चालतं, परवडेल" हे आज कुणी सांगत असेल तर तो दहा वर्षांपूर्वीचा भाव सांगतो आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण तेही कमी नाहीत. "टू-स्ट्रोक मरणाचा नाय रे! ह्यां मशीन अजून एका दोरीत चालू होता." हे ऐकलं की मी आधी मशिनाला हात लावतो. ते कोमट असेल तर मालकानं तुम्ही यायच्या आधी ते चालवून ठेवलं आहे. गरम मशीन कुठलंही एका दोरीत चालू होतं. गार मशीन चालू करून बघायला पहाटे जायचं, न सांगता गेलात तर उत्तम. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचं कम्प्रेशन गेज लावून मोजायचं. आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, पण दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एक सिलिंडर गेला आहे किंवा जायच्या वाटेवर आहे. गेज नसेल तर मिस्त्रीकडून आणायचं. मिस्त्रीलाच आणलंत तर बरं, फक्त तो विकणाऱ्याच्या गावचा नसावा. खालच्या गिअरच्या डब्याचा स्क्रू सैल करून ऑइल बघायचं. दुधासारखं पांढरं असेल तर सील गेलेलं आहे आणि खारं पाणी आत फिरतं आहे. मागे पाण्याची बारीक धार मारते ती जोरात आणि सारखी हवी. ती मंद असेल तर कदाचित इम्पेलर झिजला असेल, तो स्वस्तात बदलतो. पण आतल्या वाटा मिठानं बुजल्या असतील तर मशीन उघडल्याशिवाय इलाज नाही. आणि कव्हरवर ताजा रंग असेल तर मी अजून एकदा वाकून बघतो. रंग नुसता हौसेनं मारलेलाही असू शकतो, पण बहुधा नसतो.

पण एवढा सगळा वाद मशिनावर घालून झाल्यावर जो भाग कुणीच बघत नाही तो होडीचा. खटला चुकीच्या आरोपीवर चालला आहे असं मला वाटतं ते यामुळे. मशीन बिघडलं तर मच्छीमार वल्हं मारत येतो, नाहीतर शेजारची होडी ओढून आणते. मागची आडवी फळी, जिच्यावर मशीन अडकवतात तो ट्रान्सम, लाटेत मशिनासकट सुटला तर पाणी थेट आत. फायबरच्या होडीत या फळीच्या गाभ्यात बहुतेक वेळा प्लायवूड असतं. मशीन घट्ट करताना, पुन्हा पुन्हा बदलताना तिला भोकं पडतात. भोकातून पाणी शिरतं आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या फायबरच्या आत लाकडाचा भुगा होतो. ते ओळखायला यंत्र लागत नाही. लहान हातोडीनं ठोकत जायचं. भरीव जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. मग मशीन लावलेलं असताना त्याचा खालचा पाय धरून वर-खाली जोर द्यायचा आणि दुसऱ्याला फळीच्या कोपऱ्यांकडे बघायला सांगायचं. फळी हलली, कोपऱ्यात केसासारखी भेग उघडली-मिटली, तर तिथेच बोलणी थांबवायची किंवा नव्या फळीचा खर्च कापून भाव सांगायचा.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे जुन्या लाकडी होडीवर फायबर चढवून "फायबर बोट" म्हणून विकणं. लाकूड सुकवून, नीट घासून चढवलेलं असेल तर अशी होडी काही वर्षं चालते. पण ओल्या लाकडावर घाईनं चढवलं की लाकूड आत कुजतं आणि फायबरचं कवच तेवढं होडीच्या आकाराचं राहतं. ओळखायची एक साधी युक्ती आहे. होडी वाळूवर ओढायला मालकाच्या घरची किती माणसं लागतात ते बघायचं. त्याच लांबीच्या शेजारच्या होडीला चार लागतात आणि हिला सहा, तर जादा दोन माणसांचं ओझं बहुधा पाण्याचं आहे, लाकडात किंवा फोममध्ये मुरलेलं. तळाला फुगे आलेत का, नवा जेलकोट नेमका कुठल्या भागावर मारलाय, नाळेच्या खाली जिथे वाळूवर घासते तिथली जाडी किती उरली आहे, हे सगळं बघायला अर्धा दिवस जातो. मशिनाबद्दल तासभर भांडणारा माणूस या कामाला अर्धा तासही देत नाही. कार्यशाळेतल्या वक्त्याच्या कागदावर तर होडीच्या तळाला जागाच नसते.

शेवटी कागद. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी पळवलेल्या 'कुबेर' या मच्छीमार बोटीतून आले. त्यानंतर नोंदणी, होडीचा रंग, ओळखपत्र हे सगळं कडक झालं आणि सागरी पोलीस समुद्रात कागद मागतात. आयएनडी-एमएचनं सुरू होणारा नंबर होडीवर कोरलेला आणि कागदावरचा एकच हवा. मच्छीमारीचा परवाना कुणाच्या नावावर आहे, होडीवर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज उरलं आहे का, नोंदणीत मशिनाचा नंबर कुठला लिहिला आहे आणि होडीवर कुठलं मशीन आहे, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारायचं. जुन्या होड्यांत मशीन दोन-तीनदा बदललेलं असतं आणि नोंदीत पहिलंच राहतं. मालक म्हणतो, "कागद नंतर करू, आपण काय परके आहोत?" परके नसाल तर मग एक तृतीयांश रक्कम नाव बदलून झाल्यावर घ्यायला त्याची हरकत नसावी. हरकत असली तर होडी वाळूवरच राहू द्या. नारळी पौर्णिमेच्या आधी घाई विकणाऱ्याला नसते, ती घेणाऱ्याला असते, आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं माहीत असतं.